बिनछपराचं कटफळ

बारामती,
१० जून २०२४

रा. रा. रामहरीराव यांस,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची पद्धत आहे. ती मी या वेळी पाळत नाही. इंजिन परत मागवून घेणाऱ्या माणसाची खुशाली उत्तमच असणार.

भांडी नेलीत, मी बोलले नाही. कपाट, पलंग, मिक्सर, पितळेचं घंगाळ, सगळं टेम्पोत चढलं. आपल्या मुलांचं पटलं नाही, दोघांनी समजुतीनं कोर्टात सह्या केल्या, तेव्हा मुलीकडचं मुलीकडे जाणार हे मला समजतं. घंगाळ गेलं त्याचा तर मला आनंदच झाला. त्याला चिंच लावून लावून माझे हात काळे पडले होते. पण इंजिन?

ते तुमच्या निकिताच्या रुखवतात मांडलेलं होतं, हे मान्य. पण ते त्या दिवसाचं इंजिन तरी राहिलं होतं का? त्याची मागची चाकं कोणी बदलायला लावली? त्याला रंग कोणी दिला? तुम्ही दिलेला काळा रंग म्हणजे बुटाचं पॉलिश होतं. त्याच्या मागचे तीन डबे कोणाचे? खिडक्यांच्या गजांसाठी केरसुणीच्या काड्या कोणी तासल्या? मी डोळ्यांना भिंग लावून बसले होते रामहरीराव, आणि तुम्ही समोर बसून म्हणत होतात, "जरा बारीक करा, ह्यो गज न्हाय, ह्यो वासा झाला."

वरच्या खोलीत फळीवर सगळं जागच्या जागी आहे. स्टेशन आहे, पाण्याची टाकी आहे, गूळ लादलेली बैलगाडी आहे. रूळ आहेत आणि रुळांवर काही नाही. मी तिकडे जायचं टाळते. धूळ झटकायला जावं लागतं तेवढं जाते.

फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्या शाळेत आलेल्या पत्राला उत्तर न देणाऱ्या मुलीला सिस्टर बर्नाडेट व्हरांड्यात उभं करत. तुम्ही त्या शाळेत नव्हता हे तुमचं नशीब.

श्रीमती पद्मा आनंद रणवरे
(सेवानिवृत्त आरेखक, पाटबंधारे खातं. हे मुद्दाम लिहिते. तुम्ही मला कोणत्या नात्यानं ओळखता ते आता मला ठाऊक नाही.)


बारामती,
२९ जून २०२४

रामहरीराव,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे पाहून बरं वाटलं. त्यावर तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात हे पाहून नाही वाटलं.

"इंजिन आमी मागितलं न्हाय. टेम्पोत आलं. तुमी धाडलं म्हणून गप ठेवून घेतलं."

मी हे चार वेळा वाचलं. मग चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. मी धाडलं? मी?

टेम्पो आला त्या दिवशी मी कुठे होते ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मी स्वयंपाकघरात दार लावून गॅसची शेगडी घासत होते. शेगडी स्वच्छ होती. बाहेर तुमचा पुतण्या सुयोग आणि आमचे थोरले भावजी सामान काढत होते. जिन्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कपाटाचा कप्पा असेल. मी बाहेर आले नाही. कोणाच्या संसाराची भांडी बाहेर जाताना बघत उभं राहायला मला कोणी शिकवलेलं नाही, आणि शिकायची इच्छाही नाही.

तुमचं कार्ड आल्यावर मी भावजींना फोन लावला.

"भावजी, वरच्या खोलीत त्या दिवशी कोण गेलं होतं?"

"मीच गेलो होतो की त्या पोराला घेऊन. का?"

"इंजिन कोणी उचललं?"

"कुठलं इंजिन? ती आगगाडी होय! अगं, तिच्यावर पाटी होती ना. 'चि. सौ. कां. निकिता हिच्या रुखवतातील.' मुलीकडची एक वस्तू ठेवून घेतली असं उद्या कोणी म्हणायला नको. घराची अब्रू असते पद्मा."

"मला विचारायचं होतंत."

"विचारायचं काय त्यात? पाटीच होती."

भावजींना वाटतं त्यांनी फार मोठं काम केलं. तो पोरगा सुयोग, त्याला वाटलं आम्हीच काढून देतोय. तुम्हाला वाटलं मी तोंडावर फेकलं. आणि मला वाटलं, तुम्ही हट्टानं मागवलंत. आपल्याकडे अब्रूसाठी माणसं इतकी धावतात, पण विचारायला कोणी थांबत नाही.

ती पाटी काढा, असं मी तुम्हाला लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. इंजिनाच्या खाली सोनेरी कागद चिकटवलेला, त्याला झालर. खऱ्या इंजिनाला झालर असते का? तुम्ही म्हणालात, "असू द्या विहीणबाई, पोरीचं नाव हाय." मग मी काय बोलणार? राहिली पाटी.

असो. तर मी ते धाडलेलं नाही. हे लेखी देते. आता इंजिन परत घेऊन या.

पद्मा रणवरे


बारामती,
१८ ऑगस्ट २०२४

रामहरीराव,

दीड महिना झाला. पावसानं तुमच्या पेरूंना फळमाशी लागली असेल, फवारणी चालू असेल, वेळ नसेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. नंतर कंटाळा आला.

अनिमेष काल पुण्याहून आला होता. वरच्या खोलीत गेला, फळीकडे बघून म्हणाला, "आई, हे आता काढून टाकायचं का? तिथे तुला योगाला जागा होईल." मी म्हटलं, मला योग करायचा असता तर मी सदतीसाव्या वर्षीच केला असता. तो म्हणाला, "पण आता ते लोक काही येणार नाहीत." ते लोक! सहा वर्षं ज्यांच्या पायाला तो वाकून नमस्कार करत होता ते आता 'ते लोक' झाले. माझा मुलगा वाईट नाही. त्याला कोणाशी काय बोलावं ते कळत नाही, आणि निकिताला न बोललेलं सहन होत नव्हतं. एवढंच त्यांचं भांडण. पण मी हे कोणाला सांगितलं तर म्हणतील, आई असून सुनेची बाजू घेते.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. मग सगळं आठवायला लागलं. ते आता तुम्हाला वाचावं लागेल.

तुम्हाला लग्नाचा दिवस आठवतो का? निमगावचं कार्यालय, मे महिना, पंखे गरम हवा खाली ढकलत होते. रुखवताच्या टेबलावर साखरेची फळं, बांगड्यांचा मोर, काजूचा किल्ला, आणि त्यात मधोमध ती छोटी गाडी. दौंड-बारामतीची, अरुंद रुळांवरची. मी लग्न होऊन याच गाडीनं बारामतीला आले होते रामहरीराव. अंगावर शालू, डोळ्यांत कोळशाचे कण, आणि समोर हे, नवी कोरी टोपी घालून, खिडकीला डोकं टेकून घोरत होते. लोक अजून सांगतात की चालत्या गाडीतून उतरून ऊस तोडून परत चढायचे. मी तरी एकालाही तसं करताना पाहिलं नाही. गाडी हळू होती, माणसं आळशी होती, हे जास्त खरं.

तर मी त्या टेबलासमोर उभी राहिले. वीस एमएमच्या ठिबकच्या नळीचा बॉयलर, धुराड्याला ड्रिपर, चाकं पितळेची, आणि ती कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढलेली असणार हे लगेच दिसत होतं. मी पर्समधली पट्टी काढली. आमची पंगत मांडलेली, विहिणीशिवाय पंगत कशी सुरू करणार, सगळे ताटकळलेले. तुमच्याकडची एक बाई मला बोलवायला आली, मग दुसरी आली, मग तुम्ही स्वतः आलात, हात जोडून.

"विहीणबाई, चला, जेवून घ्या. पानं वाढल्यात."

"हे कोणी केलं?"

"आमीच. का? काय चुकलं का?"

"मागची चाकं पाच मिलिमीटर पुढे आली आहेत."

तुम्ही हात सोडलेत. वाकून बघितलंत. "चार," म्हणालात.

"पाच."

"पट्टी द्या हिकडं."

साडेचार निघाले. आणि पंगत अर्धा तास थांबली म्हणून आमच्या नणंदेनं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं की मुलीचा बाप विहिणीचा मान ठेवत नाही. मी तिला सांगितलं की इतका मान मला आयुष्यात कोणी दिलेला नाही. तिला कळलं नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही मागच्या चाकांचा आस नवा करून घेऊन आलात, आणि तुमच्यासोबत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. त्याचा मला अजून राग आहे. नातवंड होईपर्यंत मुलीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही! सहा वर्षं प्रत्येक शनिवारी तुम्ही माझ्या घरात बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलात. भर उन्हाळ्यात माझ्या माठातलं वाळ्याचं पाणी समोर आणि तुम्ही तुमचं कोमट पाणी घटाघटा. एकदा मी मुद्दाम चहाचा कप तुमच्या इंजिनाच्या शेजारी ठेवला. तुम्ही तो उचलून अलगद बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "सांडंल, रूळ गंजतील." हे अन्न-पाण्याचं शास्त्र कोणी काढलं त्याला सिस्टर बर्नाडेटनं व्हरांड्यात उभं केलं पाहिजे होतं.

पण बाकी सगळं किती नीट वाटलेलं होतं. धातू आणि लाकूड तुमचं. कागद, रंग आणि छपरं माझी. एकास पन्नास प्रमाण, कारण खात्यात मी आयुष्यभर त्याच प्रमाणात पूल काढले. तुम्ही आधी "पाव इंचाला एक फूट" असलं काहीतरी म्हणत होतात, ते मी चालू दिलं नाही. रुळांमधलं अंतर पंधरा मिलिमीटरच्या किंचित वर. तुम्ही ते जिभेचं टोक बाहेर काढून ठोकत होतात. मी कौलं कापत होते. मुलांच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता, जाड कागद, भगवा. एका पत्रिकेत साठ कौलं निघायची. छापलेली बाजू खाली. बारामती स्टेशनच्या छपराखाली अजून गणपती आहे आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' आहे. हे मी कोणाला दाखवत नाही.

स्टेशनला कौलं होती की पत्रा, यावर आपण तीन शनिवार भांडलो. तुमच्या आठवणीत पत्रा, माझ्या आठवणीत कौलं. तुम्ही म्हणालात, "तुमी नवरीच्या डोळ्यांनी बघितलं. आमी गुळाच्या ढेपंवर बसून बघितलं. आमचं खरं." मी कौलं लावली. तुम्ही महिनाभर छपराकडे न बघता गाडी चालवत होतात.

आणि पहिल्यांदा चालली ती संध्याकाळ. फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडलीत, दोन तारा, आणि गाडी त्या फळीवर हलली. निकिता खालून धावत आली होती. तुम्ही कोणाकडेच बघितलं नाही. गाडी टोकाला पोचली, तुम्ही तारा उलट्या केल्यात, गाडी परत आली. माझं वय तेव्हा साठ होतं. माझ्या आयुष्यात तोपर्यंत कागदावर काढलेलं बहुतेक सगळं दुसऱ्यांनी बांधलं, उद्घाटनाला मला कोणी बोलावलं नाही. ही एक गोष्ट मी काढली आणि माझ्यासमोर चालली.

तर आता सरळ विचारते. गौरी-गणपती झाले की पहिल्या शनिवारी इंजिन घेऊन या. माझं घर आता तुमच्या मुलीचं सासर नाही. पाणी प्यायला तुम्हाला धर्मशास्त्राची आडकाठी उरलेली नाही. हा घटस्फोटाचा मला दिसलेला एकमेव फायदा.

पद्मा


बारामती,
२३ सप्टेंबर २०२४

रामहरीराव,

शनिवारी मी दहा वाजल्यापासून खिडकीत होते. इंदापूरहून येणारी एकेक एसटी येऊन गेली. तुम्ही आला नाहीत. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती शेजारी दिली.

रविवारी विजयमालाबाईंचा फोन आला. तुमच्या बायकोनं मला फोन केला हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आता झालं.

त्या म्हणाल्या, "त्यास्नी यायचं हुतं. अंघोळ करून, टोपी घालून बसलं हुतं सकाळी. मग टोपी काढली."

"का?"

"सोयरीक मोडली न्हवं. पोरगी जिथनं परत आली, त्या घराची पायरी बापानं कशी चढायची? भाऊकी काय म्हणंल ते ऱ्हाऊ द्या. ते म्हणत्यात, पोरगी काय म्हणंल? बा माझा संसार मोडल्यालं घर बघून तितं आगगाडी खेळतोय?"

हे तुमचं म्हणणं मला चुकीचं म्हणता येत नाही, याचा मला फार संताप आला.

मग त्या म्हणाल्या, "पर घरात बी कामाचं न्हायती. जेवलं की पॅकिंग शेडात जात्यात, तितंच. काय ठोकत्यात कोण जाणं. पेरूचं क्रेट ठेवायला जागा न्हाय ऱ्हायली. तुमी तरी येऊन सांगा."

त्या म्हणाल्या म्हणून येते आहे. रविवारी. तुमच्या घरची पायरी चढायला माझ्यावर कोणतीही बंदी नाही. मुलाची आई असल्याचा तेवढा तरी उपयोग. पितृपक्षात नवं काम काढू नये म्हणतात, तर तेही सांगू नका. हे जुनंच काम आहे.

पद्मा


बारामती,
३० सप्टेंबर २०२४

रामहरीराव,

काल मी तुमच्याकडे फारसं बोलले नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. आता सगळं क्रमानं लिहिते. त्यातलं शेवटचं तुम्हाला माहीत नाही.

मी शेळगाव फाट्यावर उतरले तेव्हा चप्पल चिखलात रुतली. विजयमालाबाई अंगणात पेरू निवडत होत्या. मला बघून उठल्या, हात पदराला पुसले आणि मधेच थांबल्या. "या, या. आता काय म्हणावं तुमास्नी? विहीण म्हणाय येत न्हाय. ताई म्हणते." त्यांनी ते एका क्षणात ठरवलं. मी आणि तुम्ही चार महिने पत्रं लिहितो आहोत आणि आपल्याला हे सुचलं नाही.

त्या मला थेट शेडकडे घेऊन गेल्या. "बघा तुमचं पाहुणं," म्हणाल्या, आणि मग, "पाहुणं बी न्हाय म्हणा आता."

तुम्ही उकिडवे बसला होतात, पाठमोरे, आणि उलट्या क्रेटच्या रांगेवर भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत रूळ होते. माझं इंजिन त्यावर उभं होतं. बाजूला स्टेशन, गोदाम, गँगमनची झोपडी, मास्तरांचं घर. तुम्ही माझ्याशिवाय एक आख्खं स्टेशन बांधलंत! मला आधी जो राग आला तो तुम्ही पाठमोरे असल्यामुळे तुम्हाला दिसला नाही, हे चांगलं झालं.

"हे काय?" मी विचारलं.

तुम्ही न उठता म्हणालात, "कटफळ." म्हणजे बारामतीच्या आधीचं स्टेशन.

मग मी जवळ आले. आणि मला दिसलं की एकाही इमारतीला छप्पर नव्हतं. भिंती बांधलेल्या, दारं लावलेली, मास्तरांच्या खोलीत टेबल, टेबलावर टाचणीच्या डोक्याएवढी दौत, आणि वर काही नाही. सगळं गाव वरून उघडं.

"छप्पर कुठे आहे?"

"छपराचं काम आमचं न्हाय."

त्यावर मी पट्टी काढून खाली वाकले. तुम्हाला वाटलं मी रुसले. मी भिंतींची उंची मोजत होते. निदान मला तेच करायचं होतं. पट्टीवरचे आकडे दिसत नव्हते, आणि ते मोतीबिंदूमुळे नव्हतं.

मग तुम्ही उठलात, माझ्या हातातली पट्टी घेतलीत आणि म्हणालात, "कौलं का पत्रा?"

"कटफळला मी कधी उतरले नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

"कौलं," तुम्ही म्हणालात. मला माहीत आहे की तुमच्या आठवणीत पत्रा होता. तुमचा चेहरा खोटं बोलायला बनवलेलाच नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

निकिता घरात आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती चहा घेऊन आली तेव्हा माझ्या हातात गोदाम होतं, नाहीतर मी काय केलं असतं देव जाणे. तिनं मला कुठलीच हाक मारली नाही. वाक्य मधूनच सुरू करत होती. "साखर कमी टाकलीय." "पाऊस येईल, निघायला हवं." तुमच्या बायकोनं मला सोडायला तिला कार काढायला लावली आणि तुम्ही माझ्या मांडीवर स्टेशन ठेवलंत, पेरूच्या कागदात गुंडाळून. "छपरं घालून द्या," म्हणालात. "घेऊन या" म्हणाला नाहीत, आणि "येतो" तर नाहीच. मी ऐकलं.

लासुर्ण्यापर्यंत खड्डा आला की ती गाडी हळू करत होती, माझ्याकरता नाही, स्टेशनकरता. जंक्शन गाव गेल्यावर तिनं समोर बघत विचारलं, "बाबा शनिवारी का येत नाहीत?"

मी तुमच्या बायकोचं वाक्य तिला सांगितलं. थोडं सौम्य करून. मला सौम्य करता येतं, वेळ आली की.

तिनं गिअर बदलला. मग म्हणाली, "आमचं जमलं नाही. ते आमचं झालं. पण बाबा रोज शेडमध्ये एकटेच बसतात. आईला वाटतं, मला ते बरं वाटतं. मला काय वाटतं ते मला कुणी विचारलंय का?"

मी म्हटलं, "मी विचारते. काय वाटतं?"

"मला वाटतं, माझ्यामुळे त्यांची गाडी बंद पडली."

रामहरीराव, मी तिची सासू असताना ती माझ्याशी इतकं सरळ कधी बोलली नव्हती. किंवा मी ऐकलं नव्हतं, पण ते मी कबूल करणार नाही.

घर आलं. तिनं गाडी बाहेरच्या बाजूला लावली, फाटकापासून लांब. माझ्या दोन्ही हातांत स्टेशन. मी उतरले आणि फाटक उघडता येईना. ती गाडीत बसून बघत होती. मी हाक मारली नाही. हाक मारायची इच्छा होती, पण तिच्यावर लादायचं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं दार उघडलं, फाटक लोटलं, माझ्या पर्समधून किल्ली काढली. कुलपाला किल्ली उलटी लावावी लागते, ते तिला आठवत होतं. मी पुढे, ती मागे, आम्ही जिना चढलो. बाहेर अंधारून आलं होतं. खोलीत काही दिसत नव्हतं. मी चाचपडत फळीच्या कडेला स्टेशन ठेवलं.

मागे बटणाचा आवाज झाला. खोलीच्या दिव्याचा नव्हता. फळीवरचे सगळे छोटे दिवे लागले, फलाटावरचे, टाकीखालचा, सिग्नलचा लाल. ते बटण फळीच्या खाली, डाव्या पायाच्या मागे आहे. तिला ते शोधावं लागलं नाही.

ती तिथेच खाली बसली, डोळे फळीच्या उंचीवर आणून, तुम्ही बसता तशी. किती वेळ बसली ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग म्हणाली, "कटफळ कुठे बसवणार? इथे जागाच नाही."

मी म्हटलं, "त्याला भिंतीपर्यंत नवी फळी लागेल. योगाची जागा जाईल."

ती हसली. कशाला हसली ते तिला ठाऊक नव्हतं, पण हसली. खाली उतरताना जिन्यात थांबून तिनं विचारलं, "शनिवारी बाबा येतील?"

"तुझ्या बापाला विचार."

"मी नाही विचारणार. मी विचारलं तर त्यांना वाटेल मी मन मारून विचारते. तुम्ही लिहा. तुमचं ते वाचतात. उशीखाली ठेवतात."

म्हणून लिहिते आहे.

पद्मा